वाढत्या अंगाचा सूट

लहानपणी माझ्या मापाचा कपडा मला फार क्वचित मिळाला. नवा असायचा तेव्हा तो मोठा असायचा, आणि जुना झाला की आखूड. मधे कधीतरी, बहुतेक कापसाच्या दुसऱ्या वेचणीच्या सुमारास, फ्रॉक अंगाला अगदी बरोबर बसायचा. खांदे खांद्यावर, कंबर कंबरेवर. तेवढे दिवस मी तांड्यात उगाचच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून यायची. मग पुन्हा गुडघे बाहेर दिसायला लागायचे आणि आत दुमडून ठेवलेलं कापड उसवायची वेळ यायची.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा यवतमाळ जिल्ह्यात, ढाणकीपासून आत, रस्ता जिथं नुसता मुरमाचा होतो तिथून पुढं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घालायचे. आमच्या आजोबांच्या वेळी बैलांवरच्या गोण्या उतरल्या आणि वाट्याला आली कोरडवाहू जमीन. ती जमीन आम्हाला जेमतेम दिवाळीपर्यंत पोसायची. दसरा झाला की मुकादमाची गाडी यायची आणि याडी-बापू ऊसतोडीला जायचे. याडी म्हणजे आई, आमच्या गोरबोलीत. मी आणि माझा धाकटा भाऊ सुरेश आत्याजवळ राहायचो, कारण आमची शाळा मोडू द्यायची नाही एवढं मात्र दोघांनी ठरवून टाकलं होतं.

जायच्या आधी याडी माझा फ्रॉक शिवायची. हातशिलाईचा, गळ्याला दोन आरसे, घेराला लाल-पिवळा टाका. माप घ्यायची ती माझ्या अंगाचं नाही. हाताची वीत माझ्या खांद्यापासून खाली टाकत यायची, आणि जिथं मी संपायची तिथून आणखी चार बोटं पुढं जायची. "छोरी, तू थांबशील का मी येईपर्यंत? वाढशीलच ना," म्हणायची. परत यायची तेव्हा उन्हाळा लागलेला असायचा आणि मी खरोखर वाढलेली असायची. तिला ते वाढणं डोळ्यांनी बघायला मिळायचं नाही, म्हणून ते तिनं आधीच फ्रॉकात धरून ठेवलेलं असायचं. हे मला खूप नंतर समजलं. तेव्हा मात्र वर्गातल्या पोरी म्हणायच्या, "काहून वो, आजीचा फ्रॉक घातला का आज?" आणि मला याडीचा राग यायचा.

त्याच मोठ्या फ्रॉकानं मला पोहायला शिकवलं.

सोयाबीन निघालेलं, विहीर काठापर्यंत भरलेली. तांड्यातली पोरं पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत उड्या घ्यायची. भोपळे पोरांनाच. पोरींनी पायरीवर बसून धुणं धुवायचं. एका दुपारी सुरेशनं पाण्यातून मला चिडवलं, "बाई, तू भेतेस." बाई म्हणजे आमच्यात मोठी बहीण. मी हातातलं धुणं टाकलं आणि होते तशी उडी मारली. पुढचं मला आजही अंगावर आठवतं. पायांत गार काळोख, नाकात पाणी, आणि मग काखेखाली काहीतरी मऊ, मोठं, वर उचलणारं. घेरदार फ्रॉकात हवा शिरली होती. मी विहिरीच्या मधोमध फुग्यासारखी तरंगत होते आणि सुरेश भोपळ्यावरून ओरडत होता, "बाई फुगली, बाई फुगली." हवा निघून जाईपर्यंत मी हात मारायला शिकले होते. निदान काठ गाठण्यापुरते.

पुढं ढाणकीची शाळा, मग वसतिगृह, मग यवतमाळचं कॉलेज. मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि पोरींमधली म्हणाल तर आख्ख्या तांड्यातली पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

आता मी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दसऱ्याच्या आसपास नव्या सोयाबीनचे नमुने टेबलावर यायला लागतात. मशीन ओलावा दाखवतं, पण मशीन लावायच्या आधी मी एक दाणा दाताखाली धरते. जुनी सवय. दाणा कटकन फुटला तर वाळलेला, दबला तर ओला. त्या कच्चट हिरवट चवीबरोबर दोन पाणी एकदम आठवतात. एक विहिरीचं, शेवाळाच्या वासाचं. दुसरं यवतमाळच्या जलतरण तलावाचं, निळं, क्लोरीनच्या वासाचं, डोळे चुरचुरवणारं. कारण शाळांच्या पोहण्याच्या स्पर्धाही याच दिवसांत येतात. आणि चार वर्षांपूर्वीचा तो एक हंगाम असा होता, की त्यात ही दोन्ही पाणी एकमेकांत मिसळली.

तेव्हा माझी मुलगी तेजल आठ वर्षांची होती. उन्हाळी शिबिरात पाण्यात गेली ती बाहेर यायलाच तयार नाही. प्रशिक्षक देवतळे सरांनी तिला नियमित वर्गात घेतलं. पावसाळा संपेपर्यंत ती तलावाची लांबी एका दमात, उताणी, आभाळाकडं बघत पोहायला लागली. मी कठड्याजवळच्या खुर्चीवर बसून बघायची. पोरगी उताणी पोहते तेव्हा तिचा चेहरा आईला दिसतो, हे त्या प्रकाराचं मोठं सुख आहे.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा जवळ आल्या तशी मुलींच्या बोलण्यात एक नवी गोष्ट आली. रेसिंग सूट. मोठे स्पर्धक घालतात तो, गुडघ्यापर्यंतचा, अंगाला घट्ट दाबून धरणारा, पाणी न शोषणारा. तेजलच्या गटात तो आधी एकीकडं आला. ती अन्वी, दातांच्या डॉक्टरबाईंची मुलगी, तेजलची मैत्रीण आणि गटातली सगळ्यात वेगवान. मग आणखी एकीकडं आला. मग कपडे बदलायच्या खोलीत आठ-आठ वर्षांच्या पोरी कुणाचा सूट कोणता, कुणाचा मागच्या वर्षीचा, यावर बोलायला लागल्या. आपल्याकडं लग्नात साड्यांवर बोलतात तसं.

एका रविवारी घरी येताना तेजल स्कूटीवर मागून म्हणाली, "मम्मी, अन्वीच येणार पहिली. तिच्याजवळ सूट आहे."

"अजून उडी तरी मारली का कोणी?"

"मारायची काय गरज आहे?"

मी आरशात तिचा चेहरा पाहिला. रुसलेला नव्हता. हिशेब पूर्ण झाल्यासारखा शांत होता. मला तेच खटकलं. सूट हवा म्हणून रडली असती तर मी समजावलं असतं. पण ही पाण्यात पडायच्या आधीच हरून, निवांत बसली होती.

हे सुरेशच्या कानावर गेलं. सुरेशचं ढाणकीत शेतीच्या अवजारांचं दुकान आहे, आणि भाचीवर जीव. काही न सांगता तो नागपूरला जाऊन आला आणि शनिवारी एसटीनं थेट आमच्या दारात. सोबत याडीही होती. तिचे डोळे तपासायचे होते. सुरेशनं पिशवीतून काळा चमकदार सूट काढला आणि फेटा उलगडावा तसा हवेत झटकला.

तेजलनं उडीच मारली. मग तिनं तो अंगाला लावून पाहिला. गुडघ्यापर्यंत यायचा तो घोट्यापर्यंत आला.

"हा कोणाचा आणला रे?" मी विचारलं.

"तिचाच. वाढत्या अंगाचा घेतला, बाई. आता तीन-चार वर्षं पाहाचं काम नाही." सुरेश खुशीत होता. "दुकानदार म्हणे, मापाचाच घ्या. त्याले काय, त्याले तर दरवर्षी इकाचा आहे."

मी हसू दाबलं. त्याला दोष कसा देणार? आमच्या घरात कपडा असाच घेतात. चप्पल अशीच, स्वेटर असाच, शाळेचा गणवेश असाच. मापाचं घेणं आम्हाला आजही उधळेपणा वाटतो. याडीनं मात्र कापड दोन बोटांत धरून ताणलं, सोडलं, पुन्हा ताणलं. "ई कांई छ?" म्हणाली. म्हणजे, हे आहे तरी काय. "चामडं आहे का रबर आहे रे हे? पोरीले घालाचं आहे का बैलाले?"

दुसऱ्या दिवशी क्लबची सराव-शर्यत होती. तेजलनं ऐकलंच नाही. तोच सूट घालून, खांद्याच्या पट्ट्यांना मागून गाठ मारून ती उभी राहिली. शिट्टी झाली. पहिल्या दोन हातांतच सूट गळ्यातून पाणी प्यायला लागला. पोटावर फुगा, मांड्यांवर फुगा. माझी पोरगी हात मारत होती आणि तो सूट पाण्याचा घडा होऊन तिला मागं ओढत होता. कठड्याला टेकलेला सुरेश हळूच म्हणाला, "हे तर आपल्या आज्याचा बैल झाला. दोन्ही बाजूनं गोणी लादली." हसावं की रडावं कळेना. विहिरीत मोठ्या फ्रॉकानं हवा धरली होती आणि मला वर उचललं होतं. इथं मोठ्या सुटानं पाणी धरलं आणि तिला खाली खेचलं. सगळ्या पोरी टोकाला पोचून टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या तेव्हा तेजल पोचली. पायऱ्या चढून आली तेव्हा दोन्ही पायांतून नळासारखं पाणी वाहत होतं. पोरं हसली. पोरंच ती, हसणारच.

तेजल हसली नाही, रडली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मी जिल्ह्याला जात नाही."

याडीनं दुपारी सुई-दोरा काढला. चष्मा नाकावर, जीभ ओठांत धरून तिनं त्या सुटाला दोन्ही बाजूंनी चिमट्या घातल्या. तिच्या टाक्यांवर मी पदवीपर्यंत पोचले आहे, त्यामुळं मला आशा होती. पण तिचा दोरा सुती आणि कापड रबरासारखं. तेजलनं पाय घातला, ओढला, आणि मांडीजवळ टाका टकटक तुटत गेला. याडीनं सूट हातात घेतला, इकडून तिकडून पाहिला आणि घडी घातली. "हे कापड माझं ऐकत नाही. मी तरी याचं कायले ऐकू?" तिनं उरलेले टाके तसेच ठेवून तो माझ्या लोखंडी पेटीत तळाला टाकला.

आता खरं सांगायचं तर मापाचा दुसरा सूट आणायचं माझ्या मनात आलंच होतं. का नाही आणायचा? मी मिळवते, तेजलचे बाबा मिळवतात. माझं सगळं बालपण मापाच्या कपड्याची वाट बघण्यात गेलं, तर माझ्या पोरीला मापाचा मिळू नये का? अन्वीच्या आईला मी सूट कुठून घेतला ते विचारलं. बाई सरळ मनाच्या. म्हणाल्या, "या ना तेजलची आई, घालताना बघा एकदा. सोपं नाही ते, आधी शिकून घ्या."

कपडे बदलायच्या खोलीत अन्वी बाकावर बसली होती. आईनं तिच्या पायात प्लास्टिकची पिशवी घातली, म्हणजे सूट वरून घसरतो. मग पिशवी काढून दुसऱ्या पायात. मग एका बाजूनं आई आणि दुसऱ्या बाजूनं मोठ्या गटातली एक मुलगी, दोघी मिळून तो इंच-इंच वर ओढू लागल्या. अन्वी भिंतीला हात टेकून उभी, डोळे मिटून. कातडी चिमटली की "आई गं" म्हणायची. सूट कमरेवर चढला तेव्हा तिघींना घाम फुटला होता. ऑक्टोबरचा उकाडा, खोलीत पंखा नाही. मी माझ्या बाटलीतलं पाणी तिच्यापुढं केलं.

"नको काकू," अन्वी म्हणाली. "सूट घातला की मी पाणी पीतच नाही. बाथरूमला लागली तर परत पूर्ण काढावा लागतो ना."

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. एखादी समजूतदार युक्ती सांगावी तसं सांगितलं. आठ वर्षांची पोर, दिवसभर पाण्याकाठी, आणि तहान दाबून बसलेली. मी बाटलीचं झाकण लावलं. माझं तिथंच ठरलं. सूट आणायचा नाही. पण माझं ठरून काय उपयोग? पोरगी पाण्यात उतरायला हवी होती.

संध्याकाळी याडी अंगणात तुरीच्या शेंगा निवडत बसली होती, तेजल शेजारी गाल फुगवून. याडी कुणाकडं न बघता बोलायला लागली, "तुझी माय विहिरीत पडली तवा अशीच फुगली होती. फ्रॉकात हवा. तुझा मामा भोपळ्यावर आणि ही मधात, जशी मखरातली गौर."

"खोटं," तेजल म्हणाली.

"विचार तिले."

"मम्मी, तू फ्रॉक घालून पोहलीस?"

"आरसे लावलेला."

तेजलच्या तोंडून हसू फुटलं ते थांबेचना. चार दिवसांनी पहिल्यांदा हसली होती. पण हसून झाल्यावर पुन्हा, "मी नाही जात."

शेवटच्या सरावाला मी तिला नुसतं बसायला म्हणून घेऊन गेले. तिच्या अंगात जुना निळा कॉस्च्यूम होता, क्लोरीननं विटून राखाडी झालेला. देवतळे सर तिच्या शेजारी काठावर येऊन बसले, पँट वर करून पाय पाण्यात सोडले. सर मूळचे राळेगावचे. पोरांशी बोलताना त्यांची शहरी मराठी गळून पडते.

"काहून, जात नाही म्हणे जिल्ह्याले?"

"अन्वीच्याजवळ सूट आहे."

"अन्वीले सोड तू. हे पाह्य बेटा, तुले लढाचं आहे मागच्या महिन्याच्या तेजलशी. तिच्याजवळ कोणता सूट होता?"

तेजलनं स्वतःकडं खाली पाहिलं. "हाच."

"मंग? बरोबरीची लढत आहे ना. का तिलेच भेतेस तू?"

तेजल जरा वेळ पाय हलवत बसली. मग म्हणाली, "तिला तर मी हरवीन," आणि पाण्यात गेली.

स्पर्धेच्या सकाळी याडीनं निळ्या कॉस्च्यूमच्या पट्टीला आतून एक कवडी टाचली. दृष्ट लागू नये म्हणून. अंगाला टोचणार नाही अशी, उपडी. आम्ही सगळे गेलो, सुरेशही दुकान बंद ठेवून आला. तलावाच्या गजांना धरून आयाबाया, काखेत टॉवेल, हातात केळी. तेजलचा गट आला. सहा मुली, चार काळे सूट, एक लाल कॉस्च्यूम आणि एक विटका निळा. शिट्टी झाली आणि उताण्या पोहणाऱ्या सहा चेहऱ्यांनी आभाळाकडं बघत पाणी कापायला सुरुवात केली. मला फक्त एकच चेहरा दिसत होता. ती ओठ हलवत होती. नंतर विचारलं तर म्हणाली, मागच्या महिन्याच्या तेजलला मागं टाकत होते.

अन्वी पहिली आली. तेजल दुसरी. आणि सरांनी घड्याळ दाखवलं तेव्हा कळलं, मागच्या महिन्याची तेजल कितीतरी मागं राहिली होती. सुरेशनं अशी आरोळी ठोकली की पंचांनी मान वळवून पाहिलं. याडी पदरानं तेजलचं डोकं पुसत होती आणि तेजल मोठ्यानं सांगत होती, "नानी, मी तिला हरवलं, मी तिला हरवलं." लोकांना वाटलं असेल, पोरगी दुसरी येऊन पहिली आल्यासारखं काय बोलते आहे.

पण त्या दिवसाचं दुसरं एक चित्रही माझ्यासोबत राहिलं. बक्षिसाच्या टेबलाजवळ अन्वी पदक गळ्यात घालून उभी होती, मांड्यांवर सुटाचे लाल वळ. मागून मोठ्या गटातली दोन पोरं जाता जाता म्हणाली, "ही नाही आली पहिली, सूट आला पहिला." अन्वीनं पदक मुठीत धरलं आणि आईच्या कुशीत तोंड खुपसलं. मला माझ्या लहानपणीच्या वर्गातल्या पोरी आठवल्या. आजीचा फ्रॉक घातला का. मापापेक्षा मोठा कपडा असो की मापापेक्षा घट्ट, लहान पोर त्यात असलं की लोक आधी कपडा बघतात, पोर नंतर.

पुढच्या रविवारी अन्वी तलावावर आली ती साध्या कॉस्च्यूममध्ये. सरांना म्हणाली, "मला तेजलसोबत परत पोहायचं आहे. असंच." दोघी उतरल्या. ना पंच, ना टेबल, ना पदक. आम्ही दोघी आया गजांना धरून उभ्या. अन्वी पुन्हा पहिली आली, एका हाताच्या अंतरानं. पाण्यातून वर येऊन तिनं त्या दोन पोरांना शोधून काढलं आणि फक्त बघितलं त्यांच्याकडं. अन्वीच्या आईचे डोळे भरले होते. मला म्हणाल्या, "माझी पोरगी आधीही हेच पोहली असती हो. मीच मधे तो सूट आणला."

त्याच आठवड्यात क्लबच्या पालकांची बैठक झाली. गॅलरीखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. विषय तोच. एक गृहस्थ म्हणाले, "पुढं राज्याला सगळे घालतात, आपली पोरं मागं राहतील. सवय आत्तापासूनच नको का?" दुसरे म्हणाले, "मुलांना त्यात आत्मविश्वास येतो, त्याचं काय?" दोन्ही मुद्दे खोटे नव्हते. मी उभी राहिले. मला सभेत बोलताना अजूनही तळहाताला घाम येतो, पण मी बोलते.

म्हणाले, "पोरं मोठी होतील तेव्हा घालू देत, मीच घेऊन देईन. पण या वयात अंग दर महिन्याला वाढतं. हात लांब होतात, दम वाढतो, लागणारा वेळ आपोआप कमी होतो. ती पोरांची स्वतःची कमाई आहे. ती सुटाच्या नावावर कशाला चढवायची? आणि जे घातल्यावर पोरगं पाणी प्यायला भितं, ते पाण्यातल्या खेळाला कसं चालेल?"

कुणीतरी मागून म्हटलं, "तुमच्या मुलीजवळ नाही, म्हणून म्हणता."

"आहे ना. पेटीत आहे. चार वर्षं पुरेल असा आहे," मी म्हणाले, आणि ज्यांनी तो सराव पाहिला होता ते सगळे हसले. मीही हसले. हसण्यातच अन्वीच्या आई उठल्या. "बारा वर्षांच्या आत आपल्या तलावावर साधा कॉस्च्यूम. माझा हात वर आहे," म्हणाल्या. मग एकेक हात वर होत गेले. सगळे नाही, पण पुरेसे.

तेव्हापासून आमच्या तलावावर लहान गटाच्या शर्यती बघायला मजा येते. हिरवे, निळे, विटके, बहिणीचे जुने, कसलेही कॉस्च्यूम. पोरी उडी मारायच्या आधी एकमेकींच्या अंगाकडं बघत नाहीत, समोर बघतात. शर्यत लागायच्या आधी घटाघटा पाणी पितात आणि धावत बाथरूमला जाऊन येतात.

आणि या वर्षी, सोयाबीनचा पहिला नमुना टेबलावर आला त्याच आठवड्यात, तेजल आणि अन्वी दोघी जिल्ह्यातून विभागीय स्पर्धेसाठी अमरावतीला निवडल्या गेल्या. तेजलला बारा वर्षं पूर्ण झाली आहेत. माझ्या खांद्याला लागते. देवतळे सर म्हणाले, आता दोघींनाही हरकत नाही, घालू दे सूट. याडी आलेलीच होती. मी पेटी उघडली, तळातून ती काळी घडी काढली. रबर अजून जिवंत होतं. याडीनं कात्रीच्या टोकानं तिचे जुने सुती टाके एकेक करून काढले. चार वर्षांपूर्वी ज्या कापडानं तिचं ऐकलं नव्हतं, त्याच्याशी ती आता समजुतीनं वागत होती.

तेजल आत गेली आणि थोड्या वेळानं स्वतःच, कुणाची मदत न घेता, घालून बाहेर आली. खांदे खांद्यावर, कंबर कंबरेवर. गुडघ्याला येऊन सूट थांबला होता. ती घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत उगाचच फिरून आली. ती चाल मला ओळखीची होती.

याडीनं वीत टाकून तिच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मोजलं. पुढं चार बोटं गेली नाहीत. "वाढली छोरी," म्हणाली. या वेळी तिला ते वाढणं डोळ्यांनी दिसत होतं.

मी सुरेशला व्हिडिओ कॉल केला. त्यानं भाचीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गल्ल्यामागं खुर्चीत मागं रेलून बसला. चार वर्षं थांबला होता बिचारा.

"मी काय म्हणलं होतं, बाई? वाढत्या अंगाचा घेतला. तुम्हीच लोक घाई करून राह्यले होते."

कवडी याडीनं या सुटालाही लावली, आतून, उपडी. अमरावतीच्या तलावात तेजल उताणी पोहली. तिचा चेहरा मला सगळा वेळ दिसत होता. विभागात ती पहिली आली. अन्वी दुसरी आली.